नाहुआत्ल चित्राक्षरांत माणसांची नावे कशी लिहीत असत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाहुआत्ल म्हणजे काय, आणि ही चित्राक्षरे नेमकी कोणाची?

नाहुआत्ल ही मध्य मेक्सिकोतील भाषा आहे. ज्यांना आपण सरसकट ‘आझ्टेक’ म्हणतो त्या तेनोच्तित्लानच्या मेशिका लोकांची, तसेच त्यांच्या शेजारच्या तेत्स्कोको, त्लाकोपान, हुएशोत्सिन्को आदी नगरराज्यांची ती मातृभाषा होती. १३ ऑगस्ट १५२१ रोजी तेनोच्तित्लान स्पॅनिश फौजांच्या आणि त्यांच्या स्थानिक मित्रांच्या हाती पडले, पण भाषा संपली नाही. २०२० च्या मेक्सिकन जनगणनेत सोळा लाखांहून अधिक लोकांनी आपण ही भाषा बोलतो असे नोंदवले आहे. या भाषेसाठी तेथील लेखनिक जी चित्रे वापरत, त्यांना या पानावर चित्राक्षरे म्हटले आहे. त्यांपैकी बहुसंख्य चित्राक्षरे माणसांची आणि गावांची नावे, तारखा आणि पदव्या लिहिण्यासाठी वापरलेली दिसतात.

कागदावर सगळीच चित्रे असताना त्यांतले नाव कोणते हे कसे ओळखायचे?

हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. माणसाची आकृती, किंवा शिरगणतीच्या कागदांत नुसते डोके, मोठे काढलेले असते आणि त्याच्या डोक्यामागे किंवा डोक्यावर एक लहान चित्र असते, जे बहुधा बारीक रेघेने डोक्याला जोडलेले असते. ती रेघ म्हणजे ‘याचे नाव हे’ असे सांगणारी खूण होय. एखाद्या माणसाजवळ ससा काढला असेल आणि त्याला रेघ जोडलेली असेल, तर त्या माणसाने ससा पाळला होता असा अर्थ होत नाही. त्याचे नाव तोच्त्ली, म्हणजे ससा, असे होते.

जागेचे नाव असेल तर चिन्ह पुष्कळदा डोंगराच्या आकृतीवर बसवलेले असते, कारण गावांच्या नावांत तेपेत्ल, म्हणजे डोंगर, हा शब्द वारंवार येतो. माणसाच्या नावाला असा आधार नसतो, तो माणूस हाच त्याचा आधार.

चित्रातून नाव तयार होते ते कसे?

सर्वांत सरळ रीत अशी की नाहुआत्ल नावे बहुधा अर्थपूर्ण शब्दांची बनलेली असत आणि लेखनिक त्या शब्दांनी सांगितलेल्या वस्तू काढत असे. तेनोच्तित्लानच्या राजांची नावे याची उत्तम उदाहरणे आहेत. चिमाल्पोपोका या नावात चिमाल्ली म्हणजे ढाल आणि पोपोका म्हणजे ‘धुमसते’, म्हणून त्याच्यासाठी धुराचे लोट निघणारी ढाल काढतात. अकामापिच्त्ली या नावाचा अर्थ ‘बोरूंची मूठ’, म्हणून बोरूच्या काड्या मुठीत धरलेला हात. हुइत्सिलिहुइत्ल म्हणजे ‘हमिंगबर्डचे पीस’, म्हणून त्या चिमुकल्या पक्ष्याचे डोके आणि त्याभोवती पांढऱ्या पिसांचे गोळे. शेवटचा राजा क्वाउतेमोक याच्या नावात क्वाउत्ली म्हणजे गरुड आणि तेमोक म्हणजे ‘खाली उतरला’, म्हणून त्याचा गरुड डोके खाली करून झेपावणारा असतो. ‘उतरला’ ही क्रिया दाखवण्यासाठी काही ठिकाणी खाली जाणारे पावलांचे ठसेही काढलेले असतात.

तेत्स्कोकोचा कवी-राजा नेसाहुआल्कोयोत्ल याच्या नावाचा अर्थ ‘उपवास करणारा कोयोटी’ असा आहे, आणि कोयोटी हा कोल्ह्यालांडग्यांच्या जातीचा तेथील प्राणी. उपवास हे चित्रात दाखवणे कठीण, म्हणून उपवासाच्या काळात धारण करायची गाठ मारलेली पट्टी त्या कोयोटीच्या गळ्यात घालतात. त्याचा मुलगा नेसाहुआल्पिल्ली याचे चिन्ह काढताना तीच पट्टी राहते, फक्त कोयोटीच्या जागी लहान मुलाचे डोके येते, कारण पिल्ली म्हणजे मूल, आणि उमराव घराण्यातला माणूसही. दोन नावांत एक तुकडा समान असेल तर चित्रांतही तो समान असतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. चित्रे नावाच्या अर्थाभोवती मोकळेपणाने काढलेली असती तर असे घडले नसते.

म्हणजे ही केवळ अर्थचित्रे झाली. त्यांत ध्वनी कोठे आला?

येथेच बहुतेकांची गल्लत होते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो, आणि त्यासाठी एक मराठी नाव घेतो.

समजा, आपल्याला ‘दिवाकर’ हे नाव चित्रांनी लिहायचे आहे. एक मार्ग असा की सूर्य काढावा, कारण दिवाकर म्हणजे सूर्य. पण वाचणारा त्याला भास्कर, दिनकर किंवा रवी म्हणून मोकळा होईल. दुसरा मार्ग असा की एक पणती काढावी आणि शेजारी हात काढावा : दिवा आणि कर. नाव अचूक वाचले जाईल, मात्र या नावातल्या ‘दिवा’ शब्दाचा पणतीशी संबंध नाही, तो संस्कृतातील दिवसवाचक शब्द आहे, आणि ‘कर’ म्हणजे येथे हात नसून ‘करणारा’ आहे. पणती आणि हात ही चित्रे येथे केवळ उच्चारासाठी उसनी घेतली आहेत. तिसरा मार्ग दोहोंच्या मधला : सूर्य काढावा आणि त्याच्या कोपऱ्यात बारीकशी पणती काढावी, म्हणजे सूर्याच्या अनेक नावांपैकी ‘दि’ने सुरू होणारे नाव घ्या, आणि त्यातही ‘दिवा’ने सुरू होणारे घ्या, हे वाचणाऱ्याला कळेल.

नाहुआत्ल लेखनिक हे तिन्ही मार्ग वापरत असत.

दुसऱ्या मार्गाचे स्वच्छ उदाहरण एका गावाच्या नावात आहे. मापाच्तेपेक म्हणजे ‘रॅकूनचा डोंगर’. रॅकून या प्राण्याला नाहुआत्लमध्ये मापाच्त्ली म्हणतात. मेंदोसा हस्तलिखित या स्पॅनिश काळातील चित्रग्रंथाच्या लेखनिकाने रॅकून काढलाच नाही. त्याने डोंगर काढला, त्यावर एक हात काढला आणि त्या हातात झाडांवर लोंबणाऱ्या शेवाळासारख्या वनस्पतीचा झुबका दिला. हात म्हणजे माइत्ल, त्याचा ‘मा’. त्या वनस्पतीचे नाव पाच्त्ली, त्याचा ‘पाच्’. मिळून मापाच्. प्राणी काढणे काही अवघड नव्हते, तरी त्याने उच्चार लिहिला.

तिसऱ्या मार्गाचे उदाहरण म्हणजे तेत्स्कोकोच्या मुलखाचे नाव अकोल्हुआकान. त्यासाठी वाकवलेला हात खांद्यासह काढतात, कारण अकोल्ली म्हणजे खांदा, आणि त्या हाताजवळ पाण्याचे चिन्ह काढतात. पाण्याचा येथे अर्थाने काहीही संबंध नाही. पाणी म्हणजे आत्ल, आणि ते वाचकाला एवढेच सांगते की हा शब्द ‘आ’ने सुरू करा, म्हणजे याला नुसता ‘हात’ म्हणून वाचू नका.

एकच नाव दोन निरनिराळ्या प्रकारे लिहिल्याचे उदाहरण आहे काय?

आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयात त्याच्याइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. इत्स्कोआत्ल हे तेनोच्तित्लानच्या चौथ्या राजाचे नाव. इत्स्त्ली म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून झालेली काळी धारदार काच, आणि कोआत्ल म्हणजे साप. मेंदोसा हस्तलिखितात त्याच्यासाठी पाठीवर या काचेची पाती उभी असलेला साप काढला आहे, जो पाहताक्षणी कळतो.

तेत्स्कोकोजवळच्या तेपेत्लाओस्तोक भागात १६व्या शतकाच्या मध्यास तयार झालेल्या व्हेर्गारा हस्तलिखितात मात्र हेच नाव लिहिताना साप नाहीसा झाला आहे. तेथे काचेचे पाते आहे, त्याजोडीला मडके आहे आणि पाणी आहे. पात्याचे ‘इत्स’, मडके म्हणजे कोमित्ल त्याचे ‘को’, पाणी म्हणजे आत्ल त्याचे ‘आ’. इत्स-को-आ. मडक्याचा आणि पाण्याचा सापाशी काय संबंध, असे विचारून काही हाती लागत नाही. उच्चार मोठ्याने म्हणून पाहिला की नाव आपोआप बाहेर पडते. फ्रेंच अभ्यासक जोसेफ मारियुस अलेक्सी ओबँ यांनी १८४९ मध्ये याच जोडीकडे बोट दाखवून या लेखनात ध्वनिचिन्हे आहेत असे प्रतिपादन केले होते. त्यांचे म्हणणे पुढे दीडशे वर्षे अनेकांनी गांभीर्याने घेतले नाही, ही या अभ्यासाच्या इतिहासातली चुटपुट लावणारी गोष्ट आहे.

येथे एक लहानसे निरीक्षण नोंदवावेसे वाटते. को, मा, ते, पे, आ अशी ही ध्वनिचिन्हे बहुधा एक व्यंजन आणि एक स्वर मिळून होतात, म्हणजे ज्याला आपण देवनागरीत अक्षर म्हणतो तसाच त्यांचा घाट आहे. रोमन लिपीवर वाढलेल्या वाचकाला ही कल्पना समजावून सांगावी लागते, पण बाराखडी घोकलेल्या माणसाला ती ओळखीची वाटते.

काही नावे सरावासाठी सांगता येतील काय?

मेंदोसा हस्तलिखिताच्या चित्रमय भागाचे पहिलेच पान, म्हणजे दुसऱ्या कागदाची पुढली बाजू, यासाठी फार चांगली आहे. निवडुंगावर बसलेला गरुड मध्यभागी आहे, आणि त्याच्या चारही बाजूंना बसलेले तेनोच्तित्लानचे दहा संस्थापक आहेत, प्रत्येकाच्या मागे त्याचे नाव. तेनोच हा त्यांतला प्रमुख. त्याचे अंग काळे रंगवलेले आहे आणि त्याच्या नावचिन्हात दगडावर उगवलेला निवडुंग आहे, तेत्ल म्हणजे दगड आणि नोच्त्ली म्हणजे निवडुंगाचे फळ. अकासित्ली याच्या नावात बोरू आणि ससा आहेत, कारण सित्ली हा रानसशाला दुसरा शब्द. आतोतोत्ल म्हणजे पाणपक्षी, म्हणून पक्ष्याच्या डोक्याशी पाणी. ओसेलोपान याच्यासाठी जग्वारच्या ठिपक्यांचे निशाण काढले आहे : ओसेलोत्ल म्हणजे जग्वार, आणि निशाण म्हणजे पान्त्ली, ज्यातून ‘पान’ हा शेवट मिळतो.

याच पानावर पायाची चिन्हे जास्त असल्याचे सहज लक्षात येते. शोमिमित्ल याच्या नावात बाण रुतलेले पाऊल आहे. ‘शो’ हा पायाचा ध्वनी आणि मित्ल म्हणजे बाण. शोकोयोल याच्या नावात पायाला घुंगरू बांधलेले आहे, कारण घुंगरू म्हणजे कोयोल्ली. गंमत अशी की शोकोयोल्ली हे आंबूस चवीच्या एका पालेभाजीचे नाव आहे, आणि लेखनिकाने भाजी न काढता घुंगरू बांधलेला पाय काढला. भाजीचे पान काढले असते तर ते दुसऱ्या कोणत्याही पानासारखे दिसले असते. पाय आणि घुंगरू यांत चुकायला जागा नाही. ध्वनीचा आश्रय घेण्यामागे हौस नसून अशी व्यवहारी सोय असावी, असे हे पान पाहताना वारंवार वाटते.

राजा आशायाकात्ल याच्या बाबतीतही हेच घडले आहे. आशायाकात्ल हे तळ्यातल्या एका किड्याचे नाव आहे, ज्याची अंडी तेथील लोक आवडीने खात असत. राजाच्या नावचिन्हात किडा नाही, चेहरा आणि त्यावरून वाहणारे पाणी आहे : आत्ल आणि शायाकात्ल, पाणी आणि चेहरा.

लोकांना ही नावे मिळत कशी? जन्मदिवसावरून नाव ठेवत असत काय?

पुष्कळदा होय. तेथे २६० दिवसांचे एक पंचांग होते, ज्यात मगरीसारख्या सिपाक्त्ली या प्राण्यापासून शोचित्ल म्हणजे फुलापर्यंत वीस दिनचिन्हे १ ते १३ या आकड्यांबरोबर फिरत असत. बाळ जन्मले की पंचांग वाचणाऱ्या जाणत्याला बोलावत, आणि दिवस चांगला नसेल तर न्हाऊ घालण्याचा विधी चांगल्या दिवसापर्यंत पुढे ढकलत. मेंदोसा हस्तलिखितात हा विधी चितारला आहे. जन्मानंतर चौथ्या दिवशी सुईण बाळाला अंगणात नेते, बोरूंच्या चटईवर ठेवलेल्या भांड्यातील पाण्याने न्हाऊ घालते, मुलगा असेल तर लहानशी ढाल-बाण आणि मुलगी असेल तर केरसुणी व चाती यांसारखी साधने जवळ ठेवते, आणि शेजारी बसून भाजलेला मका व शिजवलेल्या शेंगांचे दाणे खात असलेली तीन मुले सुईणीने सांगितलेले नाव मोठ्याने हाक मारून जाहीर करतात. आपल्याकडच्या बारशाला कानात ‘कुर्र’ करणारी आत्या असते, तेथे नाव आरोळीनेच बाहेर पडत असे.

दिनचिन्हावरून पडलेल्या नावात आकडा लिहायचा असेल तर चिन्हाजवळ तितके गोल ठिपके काढत. तेत्स्कोकोच्या राजघराण्यातील डॉन कार्लोस ओमेतोच्त्सिन, ज्याला १५३९ मध्ये धर्मद्रोहाच्या आरोपावरून जाळण्यात आले, त्याच्या नावात ‘दोन ससा’ हा दिवस आहे. परंतु सामान्य लोकांच्या नोंदींत आकडा पुष्कळदा गळून जातो आणि नुसते कोआत्ल, मासात्ल, तोच्त्ली, म्हणजे साप, हरिण, ससा, एवढेच उरते. शेजारच्या मिश्तेक लोकांच्या हस्तलिखितांत आकडा जवळजवळ अपरिहार्य असतो, हा दोन परंपरांमधला ठळक फरक आहे.

दिनचिन्हाखेरीज इतर नावेही चालत. याओत्ल, म्हणजे शत्रू किंवा लढाई, हे मुलाचे नाव आजच्या आईवडिलांना चमत्कारिक वाटेल, पण ते फार प्रचलित होते. त्याचे चिन्ह म्हणजे ढाल आणि तिच्याशी जोडलेली काचेच्या पात्यांची गदा.

स्त्रियांची नावे चित्राक्षरांत का कमी आढळतात?

दोन कारणे आहेत. पहिले असे की करवसुलीचे कागद मुख्यतः कुटुंबप्रमुख पुरुषांची नोंद करत. दुसरे असे की सामान्य घरांतील मुलींची नावे बहुधा जन्मक्रमावरून ठेवत : तेयाकापान म्हणजे थोरली, त्लाको म्हणजे मधली, तेइकू म्हणजे धाकटी आणि शोको म्हणजे शेंडेफळ. १५४० च्या सुमारास क्वेर्नावाका परिसरात झालेल्या नाहुआत्ल भाषेतील खानेसुमारीत हीच मूठभर नावे घरोघरी भेटतात, तर पुरुषांच्या नावांत विलक्षण वैविध्य आहे.

राजस्त्रियांची गोष्ट वेगळी होती. अकामापिच्त्लीची राणी इलान्क्वेइत्ल हिचे नाव म्हातारीचे डोके आणि घागरा यांनी लिहितात.

तेनोच्तित्लानच्या मोतेउक्सोमा नावाच्या दोन राजांचे चिन्ह मुकुट असते असे म्हणतात. मग ते नाव की पदवी?

नाव. मोतेउक्सोमा याचा अर्थ ‘तो धन्यासारखा रागाने भुवया चढवतो’ असा काहीसा होतो, आणि हे पूर्ण वाक्य चित्रात बसवण्याऐवजी लेखनिक त्यातल्या ‘तेउक्’ या तुकड्यापुरते चित्र काढतो : तेउक्त्ली म्हणजे धनी, आणि धन्याची खूण म्हणजे नीलमण्यांनी मढवलेला टोकदार शिरपट्टा. उरलेले नाव वाचणाऱ्याने ओळखायचे. हे संक्षेपाचे तंत्र फार ठिकाणी दिसते.

घोटाळा यामुळे होतो की मेंदोसा हस्तलिखितात चटईवर बसलेले राजे स्वतःही तोच शिरपट्टा घालतात. डोक्यावर घातला असेल तर तो दर्जा, रेघेने मागे जोडला असेल तर ते नाव. थोरल्या मोतेउक्सोमाला इल्हुइकामिना, म्हणजे ‘आकाशाला बाण मारणारा’, असेही म्हणत, आणि काही हस्तलिखितांत त्याच्यामागे बाण रुतलेला आकाशाचा पट्टा काढलेला आढळतो.

पदव्यांनाही स्वतःची चित्राक्षरे होती. अकामापिच्त्ली मेंदोसा हस्तलिखिताच्या एकाच पानावर दोनदा येतो. त्यांतील एका ठिकाणी त्याच्याजवळ स्त्रीचे डोके असलेला साप आहे, जे सिहुआकोआत्ल या मोठ्या पदाचे चिन्ह आहे. एका माणसाजवळ दोन चिन्हे दिसली की त्यांतले एक पद आहे काय, हे आधी तपासावे.

स्पॅनिश लोकांची आणि ख्रिस्ती नावे या लिपीत कशी लिहिली?

परक्या नावांना नाहुआत्लमध्ये अर्थ नसल्यामुळे येथे लेखनिकाला ध्वनीवाचून गत्यंतर नव्हते. त्यात भाषेची अडचण अशी की नाहुआत्लमध्ये ब, द, ग, फ आणि र हे ध्वनी नाहीत. ‘र’च्या जागी ‘ल’ येतो, म्हणूनच स्पॅनिश सेनापती कोर्तेस याची दुभाषी मारिना ही त्यांच्या तोंडी मालिन्त्सिन झाली. १५३५ ते १५५० या काळातील व्हाइसरॉय आंतोनियो दे मेंदोसा याचे आडनाव घायपाताचे झुडूप आणि बिळात राहणारा एक घुशीसारखा प्राणी यांनी लिहिलेले आढळते : घायपात म्हणजे मेत्ल, त्याचा ‘मे’, आणि तो प्राणी तोसान, त्याचा ‘तोसा’. मेतोसा म्हणजे मेंदोसा. अनुनासिक गळाले, ‘द’चा ‘त’ झाला, पण ऐकणाऱ्याला पुरेसे होते.

कधी टोपणनावानेही काम भागत असे. कोर्तेसचा सहकारी पेद्रो दे आल्व्हारादो याला स्थानिक लोक तोनातिउ, म्हणजे सूर्य, म्हणत, आणि तेलेरियानो-रेमेन्सिस हस्तलिखितात १५४१ मधील त्याच्या मृत्यूच्या नोंदीजवळ सूर्यच काढलेला आहे.

प्रार्थनाही याच पद्धतीने पाठ करत. स्पॅनिश धर्मोपदेशक हुआन दे तोर्केमादा याने १६१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात लिहिले आहे की ‘पातेर नोस्तेर’ हे लॅटिन शब्द लक्षात ठेवण्यासाठी तेथील लोक ‘पातेर’साठी निशाण, म्हणजे पान्त्ली, आणि ‘नोस्तेर’साठी निवडुंगाचे फळ, म्हणजे नोच्त्ली, काढत.

बाप्तिस्म्यानंतर माणसाला पहिले नाव ख्रिस्ती मिळे आणि त्यामागे जुने नाहुआत्ल नाव टिकून राही, उदाहरणार्थ पेद्रो कोआत्ल असे. शिरगणतीच्या कागदांत अशा माणसाच्या डोक्यामागे पुष्कळदा फक्त साप असतो. सगळे गाव पेद्रो आणि हुआन यांनीच भरलेले असल्यावर माणूस ओळखायला तो सापच उपयोगी.

सामान्य माणसांची नावे कोठे सापडतात?

राजांची नावे ठळक असली तरी या लिपीचे खरे भांडार करवसुलीच्या कागदांत आहे. हुएशोत्सिन्कोच्या १५६० मधील नोंदवहीत, जी आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, हजारो करदात्यांची डोकी ओळीने काढलेली आहेत आणि प्रत्येकाजवळ त्याचे चित्राक्षर व रोमन लिपीत नाव आहे. दोन्ही शेजारी असल्यामुळे ती जवळजवळ द्विभाषिक कोशासारखी वापरता येते.

वर आलेले व्हेर्गारा हस्तलिखित आणि त्याचे भावंड शोभावे असे सांता मारिया आसुन्सियोनचे हस्तलिखित यांची रचना वेगळी आणि अभ्यासकाला अधिक उपकारक आहे. तेथे प्रत्येक वस्तीची आधी घरवार शिरगणती येते, मग त्याच कुटुंबांच्या शेतांच्या कडांची मापे येतात आणि मग शेतांची क्षेत्रफळे. त्यामुळे एकच नाव दोनतीनदा लिहिले जाते, आणि लेखनिकाने प्रत्येक वेळी ते हुबेहूब तसेच लिहिले आहे, की एखादे चिन्ह बदलले वा गाळले आहे, हे ताडून पाहता येते. एकाच नावासाठी बदलून आलेली चिन्हे हीच लिपी वाचणाऱ्याची किल्ली असते.

ही चित्रे कोण काढत असे, आणि कशावर?

लिहिणाऱ्याला त्लाकुइलो म्हणत. चितारणे आणि लिहिणे यांसाठी त्या भाषेत एकच क्रियापद आहे. विद्वत्तेला ‘काळी शाई, तांबडी शाई’ असा जोडशब्द होता. पारंपरिक कागद म्हणजे आमात्ल, जो रानटी अंजिराच्या वर्गातील झाडांच्या सालीपासून कुटून करत. आपले वड, पिंपळ आणि उंबर याच वर्गातले. वसाहतकाळात युरोपीय कागदही आला, आणि मेंदोसा हस्तलिखित त्यावरच आहे.

ही सगळी हस्तलिखिते स्पॅनिश काळातील आहेत. मग ध्वनिलेखन त्यांच्याकडूनच शिकले नसेल कशावरून?

ही शंका जुनी आहे आणि बराच काळ तीच प्रस्थापित समजूत होती. तिला उत्तर देताना प्रथम दगडांकडे जावे लागते. तेनोच्तित्लानच्या मुख्य मंदिराशी संबंधित एका कोरीव शिळेवर तिसोक आणि आहुइत्सोत्ल हे दोन राजे त्यांच्या नावचिन्हांसह समोरासमोर उभे आहेत आणि खाली ‘आठ बोरू’ हे वर्ष आहे, जे १४८७ शी जुळते. म्हणजे नावे लिहिण्याची रीत स्पॅनिश गलबते येण्यापूर्वीची आहे याबद्दल वाद उरत नाही.

ध्वनिचिन्हांविषयी स्पॅनिश अभ्यासक आल्फोन्सो लाकादेना यांनी २००८ मध्ये मांडलेला युक्तिवाद महत्त्वाचा आहे. त्यांच्या मते तेत्स्कोकोच्या परिसरातील लेखनिक ध्वनिचिन्हे अधिक वापरत आणि तेनोच्तित्लानचे कमी, कारण त्या दोन भिन्न लेखनपरंपरा होत्या, स्पॅनिश प्रभावाच्या कमीअधिक मात्रा नव्हेत. जी नावे पूर्णपणे देशी आहेत, तीही तेत्स्कोकोकडे को-आ-मा अशा अक्षरांनी लिहिलेली सापडतात. लाकादेना या लिपीला शब्दचिन्हे आणि अक्षरचिन्हे यांची मिश्र लिपी मानतात. गॉर्डन व्हिटाकर यांनी २०२१ मधील आपल्या पुस्तकात तपशिलांत मतभेद नोंदवले असले तरी ही खरीखुरी लिपी आहे हे तेही मान्य करतात. एलिझाबेथ बून यांच्यासारख्या कलेतिहासाच्या अभ्यासकांचा भर मात्र संपूर्ण पान चित्रभाषा म्हणून वाचण्यावर आहे, आणि प्रसंग, घटना, विधी यांच्या चित्रणाबाबत त्यांचे म्हणणे योग्यच वाटते. प्रस्तुत लेखकाला दोहोंत विरोध दिसत नाही : पानावरची कथा चित्राने सांगितलेली असते, पण तिच्यातील माणसाचे नाव मात्र नाहुआत्ल भाषेतच वाचावे लागते, दुसऱ्या कोणत्याही भाषेत ते निघत नाही.

‘त्सिन’ हा आदरार्थी शेवट चित्रात येतो काय?

गावांच्या नावांतील ‘-त्सिन्को’साठी माणसाचा कमरेखालचा भाग काढतात, कारण त्सिन्त्ली म्हणजे बूड, वाचणाऱ्याला हसू येते, पण लेखनिकाला त्यात गैर काही वाटत नसावे. ‘-त्लान’साठी दात काढतात, कारण त्लान्त्ली म्हणजे दात. माणसांच्या नावांना जोडलेला आदरार्थी ‘-त्सिन’ मात्र पुष्कळदा न लिहिताच सोडून देतात, जसे आपण ‘राव’ बोलताना जोडतो आणि सही करताना विसरतो.

देवनागरीत या नावांचे उच्चार कसे करावेत?

येथे ‘त्स’ असे लिहिलेला ध्वनी मराठी माणसाला सहज येतो, तो ‘चाक’ किंवा ‘चूक’ या शब्दांतला ‘च’ आहे; ‘चहा’तला नव्हे. शेवटचा ‘त्ल’ हा दोन अक्षरांचा जोड नसून एकच ध्वनी आहे, म्हणून त्याला मागे ‘अ’ लावू नये. स्पॅनिश लिपीत जेथे एक्स दिसतो तेथे १६व्या शतकात ‘श’ उच्चारत, म्हणून शोचित्ल. लेखनिक ऱ्हस्व-दीर्घ स्वरांतला फरक साधारणतः दाखवत नसत.

चित्रांजवळ रोमन लिपीत लिहिलेल्या स्पॅनिश काळातील शेऱ्यांवर विश्वास ठेवावा काय?

ठेवावा, पण चित्र तपासूनच. शेरा लिहिणारा हा चित्र काढणाऱ्याहून वेगळा माणूस असू शकतो. तो नाव ऐकून लिहितो, कधी अपुरे लिहितो. चित्र आणि शेरा जुळत नसतील तर दोन शक्यता असतात : शेरा चुकला आहे, किंवा आपण चित्र चुकीचे वाचत आहोत. अनुभव असा की दुसरी शक्यता अधिक वेळा खरी ठरते.

स्वतः वाचायला शिकायचे असेल तर सुरुवात कोठून करावी?

मेंदोसा हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे आणि २०१५ मध्ये मेक्सिकोच्या मानववंशशास्त्र व इतिहास संस्थेने त्याची डिजिटल आवृत्ती सर्वांसाठी खुली केली, ज्यात चित्रावर बोट ठेवले की शेऱ्याचे लिप्यंतर समोर येते. ओरेगॉन विद्यापीठातून स्टेफनी वुड यांनी संपादित केलेला चित्राक्षरांचा ऑनलाइन दृश्यकोशही उपयोगी आहे. त्यात नावे सुटी करून दाखवलेली आहेत.

त्याआधी मात्र शंभरएक नामे पाठ करावीत : पाणी, दगड, बोरू, मडके, हात, दात, निशाण, ढाल, बाण, वीस दिनचिन्हे आणि नेहमीचे पशुपक्षी. मग मेंदोसा हस्तलिखिताच्या दुसऱ्या कागदावरचे दहा संस्थापक शेरा झाकून वाचून पाहावेत. तेसिनेउ या नावापाशी बहुतेक जण अडतात. ते शेवटी ठेवावे.